घड्याळ गँबिटच्या बाजूचं नाही

पांढऱ्याने वजिरासमोरचं प्यादं डी-४ वर आणलं. काळ्याने तत्काळ ई-५ खेळून आपलं प्यादं मारायला दिलं आणि पांढऱ्याने ते मारलं. काळा घोडा सी-६ वर, पांढरा घोडा एफ-३ वर, काळा वजीर ई-७ वर. पांढऱ्याने उंट एफ-४ वर आणून प्याद्याला जोर दिला. काळ्या वजिराने बी-४ वरून शह दिला, उंट डी-२ वर आडवा आला, तेव्हा वजिराने बी-२ चं प्यादं टिपलं. आता पांढऱ्याला वाटतं, उंट सी-३ वर नेला की हा भटका वजीर अडचणीत येईल. तो उंट नेतो. काळा उंट बी-४ वर येतो, पांढरा वजीर डी-२ वरून जोर देतो, काळा उंट सी-३ वरचा उंट मारतो, पांढरा वजीर त्याला मारतो आणि काळा वजीर सी-१ वर जाऊन बसतो. आठव्या चालीला मात.

याला एंग्लंड गँबिट म्हणतात. गँबिट म्हणजे सुरुवातीलाच प्यादं किंवा मोहरं बळी देऊन केलेली खेळी. हा सापळा आणि त्याची अनेक भावंडं गेल्या काही वर्षांत मोबाइलवरच्या छोट्या व्हिडिओंतून घराघरांत पोचली. म्हैसूर असो, पुणे असो की नागपूर, तीन-पाच मिनिटांचे डाव खेळणाऱ्यांच्या घोळक्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं: ब्लिट्झमध्ये सगळं चालतं. त्यामागचा युक्तिवाद असा. गँबिट कच्चा आहे हे मान्य, संगणकाचं इंजिन त्याला हसतं हेही मान्य. पण समोर इंजिन नसतं, माणूस असतो. त्या माणसाच्या घड्याळात तीन मिनिटं असतात. तेवढ्या वेळात तो योग्य उत्तर शोधणार कसा? बचाव करणं हल्ल्यापेक्षा अवघड असतंच. घाईत ते आणखी अवघड होतं. शिवाय मिखाईल ताल असंच खेळायचा, मॅग्नस कार्लसन आजही काहीबाही खेळतो, मग आपण का नाही?

हा युक्तिवाद वरवर पाहता बिनतोड आहे, म्हणूनच तो इतका पसरला. मात्र त्याचा एकेक दुवा हातात घेऊन ताणून पाहिला, तर एकही टिकत नाही. सर्वांत आधी तुटतो तो घड्याळाचा दुवा, आणि गंमत म्हणजे सगळा भार त्याच्यावरच आहे.

आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाच्या नियमांनुसार प्रत्येकी दहा मिनिटं किंवा त्याहून कमी वेळाचा डाव म्हणजे ब्लिट्झ. जागतिक ब्लिट्झ स्पर्धेत प्रत्येकाला तीन मिनिटं आणि दर चालीमागे दोन सेकंदांची भर मिळते. एवढ्या वेळात पटावर बसून एखाद्या गँबिटचं खंडन शोधून काढणं अवघड आहे, यात वाद नाही. पण खंडन पटावर शोधायचं असतं, हे कुणी सांगितलं? कच्च्या गँबिटचं लक्षणच हे की त्याचं उत्तर आखूड आणि ठरलेलं असतं. एंग्लंडमध्ये सहाव्या चालीला उंटाऐवजी घोडा सी-३ वर आणायचा, मग काळा उंट बी-४ वर आला की हत्ती बी-१ वर नेऊन वजिराला हुसकावायचं. बस. प्यादी बरोबरीत आहेत, पण काळा वजीर एकटा पटाच्या कडेला धावतो आहे, काळ्याची बाकीची फौज घरीच आहे आणि पांढऱ्याचे घोडे सी-७ च्या घरावर डोळा ठेवून आहेत. ज्याला या दोन चाली ठाऊक आहेत, त्याला त्या खेळायला दोन सेकंदही लागत नाहीत. विचार करण्याची पाळी तिथून पुढे काळ्यावर येते, तीही बिघडलेल्या स्थितीत. घड्याळाच्या भरवशावर खेळलेला गँबिट असा आपलंच घड्याळ खातो.

पक्क्या गँबिटचं गणित नेमकं उलट असतं. तिथे दिलेल्या प्याद्याच्या बदल्यात मिळतो तो दबाव, आणि तो एका चालीने संपत नाही. पाल बेंको या ग्रँडमास्टरच्या नावाने ओळखला जाणारा बेंको गँबिट पाहावा. काळा वजिराच्या बाजूचं प्यादं देतो आणि त्या बाजूच्या दोन उभ्या ओळी आपल्या हत्तींसाठी मोकळ्या करून घेतो. वजीर पटावरून गेले तरी ते हत्ती तिथेच असतात, जी-७ वरचा उंट लांबून रोखून पाहत असतो आणि पांढऱ्याला प्रत्येक चालीला मागची प्यादी सांभाळावी लागतात. इथे पाठ करायला एकच उत्तर नाही. चार-पाच बऱ्या दिसणाऱ्या चालींतून निवड करावी लागते, तीही वीस-पंचवीस चालींपर्यंत पुन:पुन्हा. प्रतिस्पर्ध्याचा वेळ खातो तो असा गँबिट. ब्लिट्झचं घड्याळ वापरून घ्यायचं असेल, तर जितका पक्का गँबिट तितकं ते अधिक कामाला येतं. ‘जलद डाव आहे, म्हणून कच्चा गँबिट चालेल’ हे वाक्य म्हणूनच मुळापासून उलटं आहे.

बचाव हल्ल्यापेक्षा अवघड असतो, हे मात्र खरं आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. प्रश्न एवढाच की हल्ला उरतो का. यासाठी सध्याचा सर्वांत लाडका कच्चा गँबिट, म्हणजे स्टॅफर्ड, तपासून पाहता येतो. दोन्ही बाजूंनी राजासमोरची प्यादी दोन घरं पुढे येतात, पांढरा घोडा एफ-३, काळा घोडा एफ-६. पांढरा ई-५ चं प्यादं मारतो आणि काळा सी-६ वर दुसरा घोडा आणतो. घोड्याने घोडा मारला, काळ्याने वजिराच्या प्याद्याने तो परत मारला. काळ्याचं एक प्यादं गेलं. बदल्यात त्याच्या उंटांच्या वाटा मोकळ्या झाल्या. आता पांढऱ्याने डी-३ खेळलं, काळ्याने उंट सी-५ वर आणला आणि पांढऱ्याने पुढच्या चालीला उंट जी-५ वर आणला, की काळा घोडा निर्धास्तपणे ई-४ चं प्यादं मारतो. पांढऱ्या उंटाने वजीर मारला तर काळा उंट एफ-२ वर शह देतो, राजा ई-२ वर येतो आणि दुसरा उंट जी-४ वरून मात करतो. वजीर बळी देऊन दोन उंट आणि एका घोड्याने केलेली मात. पाहताना अंगावर काटा येतो, हे कबूल करायलाच हवं.

पण पांढऱ्याने डी-३ नंतर उंट साधेपणाने ई-२ वर ठेवला, मग सी-३ आणि डी-४ अशी प्यादी पुढे आणली, तर? सी-५ वरचा तो भयंकर काळा उंट डी-४ च्या प्याद्यावर आपटतो आणि त्याचं तोंड बंद होतं. दहाव्या चालीच्या आसपास हल्ला विझलेला असतो, प्यादं गेलेलं असतं, मधली घरं पांढऱ्याच्या ताब्यात असतात. यानंतर पांढऱ्याचं काम काय? मोहऱ्यांची मारामारी करत जाणं. वरचढ बाजूला याहून सोपी योजना नाही, आणि दर चालीला दोन सेकंद मिळत असतील तर ती राबवायला वेळही पुरतो. बचाव अवघड असतो खरा. पण इथे दहाव्या चालीपासून बचाव काळ्यालाच करावा लागतो.

स्टॅफर्डला लोकप्रिय केलं ते एरिक रोझन या अमेरिकन इंटरनॅशनल मास्टरने, २०२० च्या सुमारास, जग घरात कोंडलेलं असताना. त्याच्यावर रोख ठेवण्याचं कारण नाही. ज्याचा मधला डाव आणि शेवटचा खेळ इंटरनॅशनल मास्टरच्या तोडीचा आहे, तो एक प्यादं देऊनही अनेकांना हरवतो. तो जिंकतो ते त्या तयारीमुळे. ते पाहणारा बाराशे-तेराशे रेटिंगचा खेळाडू गँबिट उचलतो आणि तयारी तिथेच ठेवून येतो.

‘पण मी तर याच गँबिटने जिंकतो आहे,’ हे यावरचं ठरलेलं उत्तर. या उत्तराकडे नीट पाहायला हवं, कारण ते प्रामाणिक असतं आणि तरीही त्यातून काही सिद्ध होत नाही. ऑनलाइन बुद्धिबळात प्रतिस्पर्धी रेटिंग पाहून दिला जातो. खेळाडू जिंकत गेला की त्याला वरचे प्रतिस्पर्धी मिळतात, हरत गेला की खालचे. अखेरीस प्रत्येक जण अशा पायरीवर पोचतो जिथे साधारण निम्मे डाव जिंकले जातात आणि निम्मे हरले जातात. हे पक्कं ओपनिंग खेळणाऱ्याच्या बाबतीतही घडतं आणि कच्चा गँबिट खेळणाऱ्याच्याही. म्हणजे जिंकलेल्या डावांची संख्या गँबिटच्या गुणवत्तेबद्दल काहीच सांगत नाही. सापळ्यांनी मिळवलेले गुण त्या खेळाडूला त्याच्या खऱ्या ताकदीच्या वरच्या पायरीवर नेऊन ठेवतात. तिथे सापळा न चाललेल्या प्रत्येक डावात तो आपल्याहून सरस माणसाशी, एक प्यादं कमी घेऊन, खेळत राहतो. ‘अमुक आकड्यावर येऊन अडकलो’ ही तक्रार अशांच्या तोंडी वारंवार येते, तिचं मूळ इथे आहे. पुढच्या पायरीवरच्या लोकांना सी-३ आणि डी-४ ठाऊक असतं.

एकाच शहरातल्या क्लबात तर हे आणखी लवकर घडतं. तिथे माणसं तीच असतात. सापळ्यात एकदा सापडलेला माणूस घरी जाऊन उत्तर पाहतो आणि पुढच्या रविवारी ते तयार ठेवतो. पक्क्या ओपनिंगवर घालवलेले महिने खेळाडूच्या गाठीशी राहतात. सापळ्यावर घालवलेले महिने प्रतिस्पर्ध्याच्या एका संध्याकाळीत वाया जातात.

आता मोठ्या नावांकडे. मिखाईल तालने १९८८ मध्ये कॅनडातल्या सेंट जॉन इथे जागतिक ब्लिट्झ स्पर्धा जिंकली, पन्नाशी ओलांडल्यावर, कास्पारोव आणि कार्पोव हे दोघेही खेळत असताना. त्याचे कित्येक बळी नंतरच्या विश्लेषणात चुकीचे ठरले, हे सर्वश्रुत आहे. कच्च्या गँबिटचे समर्थक यावरून म्हणतात, बघा, तालही चुकीचेच बळी द्यायचा. पण तालचा बळी आणि स्टॅफर्डचा बळी यांत एक मोठा फरक आहे. तालने उंट किंवा घोडा दिला तो पटावर त्या क्षणी तयार झालेल्या, पूर्वी कुणी न पाहिलेल्या स्थितीत. त्याचं उत्तर कुठल्याही पुस्तकात नव्हतं आणि समोरच्याला ते घड्याळ चालू असतानाच शोधावं लागत होतं. चौथ्या चालीचा पाठ केलेला बळी कुणीही आधीच उलगडून ठेवू शकतो. तालचं नाव घेऊन तालच्या नेमकं विरुद्ध वागणं चालू आहे.

मॅग्नस कार्लसनचं उदाहरण तर गँबिटवाल्यांच्या अंगावरच उलटतं. तो ऑनलाइन ब्लिट्झमध्ये ए-४ किंवा एफ-३ अशा विचित्र चालींनी सुरुवात करतो, हे खरं आहे. मार्च २०२१ मध्ये त्याने आणि हिकारू नाकामुराने दुसऱ्याच चालीला राजे बाहेर काढले आणि त्याच त्या चाली खेळून बरोबरी केली. पण तेव्हा दोघेही पुढच्या फेरीत आधीच पोचलेले होते, त्या निकालाने काही बिघडणार नव्हतं. विचित्र सुरुवात करताना कार्लसन नेमकं काय सोडतो, ते पाहावं. तो पांढऱ्या मोहऱ्यांचा थोडासा फायदा सोडतो, प्यादं सोडत नाही. पाठांतर संपवून लांबलचक डाव सुरू व्हावा, मग साठाव्या-सत्तराव्या चालीपर्यंत प्रतिस्पर्ध्याला दमवावं, असा त्याचा हेतू असतो. सापळा लावणाऱ्याला डाव आठव्या चालीला संपायला हवा असतो, कार्लसनला तो आठव्या चालीला सुरू व्हायला हवा असतो.

वेसेलिन टोपालोवने १९९९ मध्ये लिनारेसला व्लादिमिर क्रामनिकविरुद्ध कॉक्रेन गँबिट खेळला, हेही उदाहरण हटकून पुढे केलं जातं. यात पांढरा चौथ्याच चालीला एफ-७ वर घोडा देऊन दोन प्यादी घेतो आणि काळ्या राजाचा किल्लेकोट घालवतो. तो डाव बरोबरीत सुटला. पण तो संथ डाव होता, जलद नव्हता. आणि टोपालोवने हा गँबिट आपलं नेहमीचं शस्त्र केलं नाही. एका दिवशी एका प्रतिस्पर्ध्याला चकित करणं हा जगातल्या अव्वल खेळाडूचा हिशेबी निर्णय असतो. दररोज, प्रत्येक अनोळखी माणसासमोर तेच करणं हा हिशेब सोडून देणं आहे.

जलद बुद्धिबळाच्या इतिहासातल्या सर्वांत दणदणीत विजयाबद्दल मात्र ही मंडळी बोलत नाहीत. एप्रिल १९७० मध्ये युगोस्लाव्हियातल्या हर्सेग नोवी इथे पाच मिनिटांच्या डावांची स्पर्धा झाली. ताल, कोर्चनोय, पेट्रोसियन, स्मिस्लोव, ब्रॉन्स्टाइन असे दिग्गज त्यात होते. बॉबी फिशरने २२ डावांत १९ गुण केले. दुसऱ्या आलेल्या तालचे १४.५ झाले. साडेचार गुणांची ही आघाडी फिशरने कुठल्या ओपनिंगनी मिळवली? संथ स्पर्धांत वर्षानुवर्षं खेळत होता त्याच. पांढऱ्याने राजासमोरचं प्यादं, काळ्याने सिसिलियन आणि किंग्ज इंडियन. पाच मिनिटांच्या डावासाठी वेगळी, कच्ची तयारी करावी असं त्याला वाटलं नाही. उलट त्या ओपनिंगची सगळी वळणं त्याच्या हाताला ठाऊक होती, म्हणूनच त्याचं घड्याळ इतरांपेक्षा हळू चालत राहिलं.

याच फिशरने १९६० मध्ये मार देल प्लाता इथे स्पास्कीच्या किंग्ज गँबिटपुढे हार खाल्ली होती. चिडून त्याने पुढच्याच वर्षी त्या गँबिटचं खंडन करणारा लेख लिहिला आणि तिसऱ्या चालीला काळ्याने डी-६ खेळावं असं सांगितलं. नंतर १९६३ च्या अमेरिकन अजिंक्यपद स्पर्धेत लॅरी एव्हन्सविरुद्ध तो स्वतः पांढऱ्याने किंग्ज गँबिट खेळला आणि जिंकला. यात विसंगती शोधणाऱ्यांनी तिसरी चाल पाहावी. फिशरने घोड्याऐवजी उंट सी-४ वर आणला, म्हणजे स्वतःच छापलेलं खंडन लागू होणार नाही अशी वाट धरली. गँबिट खेळायचा तर त्याचं सर्वांत चांगलं उत्तर आधी आपण शोधायचं आणि त्याला पुरून उरेल अशी वाट निवडायची, एवढी मेहनत त्याने केली होती. सापळ्यांच्या व्हिडिओंत नेमका हाच भाग गाळलेला असतो.

कॉक्रेन गँबिटची जन्मकथा तर भारतातलीच आहे, आणि म्हणून ती थोडी सविस्तर सांगायला हवी. जॉन कॉक्रेन हा स्कॉटिश बॅरिस्टर कलकत्त्यात वकिली करत होता आणि तिथल्या बुद्धिबळ वर्तुळाचा कणा होता. १८४८ मध्ये त्याची गाठ महेशचंद्र बंदोपाध्याय या बंगाली खेळाडूशी पडली. महेशचंद्र देशी पद्धतीने खेळत वाढलेले. त्या पद्धतीत प्यादं एका वेळी एकच घर पुढे जातं. कॉक्रेनने एफ-७ वर घोडा बळी देण्याचा तो प्रयोग त्यांच्याविरुद्धच केला. पुढे अनेक वर्षं हे दोघे शेकड्यांनी डाव खेळले, आणि एकंदर जय-पराजयात कॉक्रेन वरचढ राहिला, हेही नोंदवायला हवं.

पण त्या डावांतून जगाच्या हाती काय आलं? महेशचंद्र काळ्याने अनेकदा जी-६ खेळून उंट जी-७ वर ठेवत, मधल्या घरांत घाईने न घुसता लांबून दबाव आणत. १८५५ मधल्या त्यांच्या एका डावात आज ग्रुनफेल्ड म्हणून ओळखली जाणारी मांडणी पटावर आली, अर्न्स्ट ग्रुनफेल्डने ती रूढ करण्याच्या कितीतरी आधी. किंग्ज इंडियन, क्वीन्स इंडियन, निम्झो-इंडियन या नावांतला ‘इंडियन’ शब्द महेशचंद्रांसारख्या खेळाडूंच्या पद्धतीवरून आला, असं मानलं जातं. त्याच पटावर, त्याच दोन माणसांत, एक घोड्याचा बळी जन्मला आणि एक शांत मांडणी जन्मली. बळी आज कुतूहलाची वस्तू म्हणून उरला आहे. मांडणी जगज्जेतेपदाच्या लढतींत खेळली जाते, आणि फिशरने हर्सेग नोवीच्या पाच मिनिटांच्या डावांत वापरली तीही तिचीच एक शाखा.

शेवटचा बचाव उरतो तो मजेचा. मजेसाठी खेळतो, त्यात इतकं काय? मजेला हरकत घेण्याचा प्रश्नच नाही. रात्री जेवणानंतर मित्राबरोबर दोन मिनिटांचा डाव आणि एंग्लंडची मात, यात कुणाचं काही जात नाही. पण मजाच हवी असेल तर आठ चालींत संपणारी मजा इतकी तोकडी का? १९९५ मध्ये रिगाला तालच्या स्मृतिस्पर्धेत कास्पारोवने आनंदविरुद्ध एव्हन्स गँबिट खेळला. एकोणिसाव्या शतकातला, धूळ खात पडलेला गँबिट. आनंदने उंट ई-७ वर मागे घेतला. कास्पारोवनेही सातव्या चालीला आपला उंट शांतपणे ई-२ वर ठेवला. सापळा नाही, शह नाही. मोकळ्या घरांचा आणि मागे पडलेल्या काळ्या मोहऱ्यांचा दबाव चालीगणिक वाढत गेला आणि पंचविसाव्या चालीला आनंदने डाव सोडला. विजेच्या वेगाने खेळण्याबद्दल लहानपणापासून ज्याची ख्याती होती, त्या आनंदला सुद्धा तो दबाव पेलला नाही. २०११ मध्ये ऑर्लँडोच्या यूएस ओपनमध्ये मार्क एसरमनने स्मिथ-मोरा गँबिटने डच ग्रँडमास्टर लोएक व्हॅन वेलीला असंच लोळवलं. प्यादं देण्याचा थरार ज्यांना हवा आहे, त्यांच्यासाठी एव्हन्स आहे, मोरा आहे, बेंको आहे, मार्शल आहे. ब्लिट्झमध्ये हे खुशाल खेळावेत, दररोज खेळावेत.

मोठ्या माणसांनी काय खेळावं, हा अखेर त्यांचा प्रश्न. लहान मुलांच्या बाबतीत मात्र गप्प बसता येत नाही. नऊ-दहा वर्षांच्या मुलांना एकदिवसीय जलद स्पर्धांआधी सापळे पाठ करून दिले जातात, कारण त्या वयोगटात ते चालतात आणि करंडक घरी येतो. पालक खूश, वर्गाची जाहिरात होते. मुलाच्या डोक्यात काय रुजतं, याचा हिशेब कुणी ठेवत नाही. बुद्धिबळ शिकताना सर्वांत कठीण आणि सर्वांत मोलाची सवय एकच: चाल खेळण्याआधी समोरच्याचं सर्वांत चांगलं उत्तर शोधणं. सापळा ही सवय उलटी करतो. समोरच्याचं सर्वांत वाईट उत्तर गृहीत धरून चाल खेळायची आणि त्याला चांगलं उत्तर दिसू नये अशी आशा करायची. नवव्या वर्षी लागलेली ही सवय बाराव्या-तेराव्या वर्षी, सगळे प्रतिस्पर्धी सापळे ओळखू लागतात तेव्हा, जड जाते. हरणं सोसत नाही, नवं शिकायला पुन्हा तळापासून सुरुवात करावी लागते, आणि चांगली मुलं तिथे खेळ सोडून देतात.

म्हैसूरला तर या बाबतीत दुसरीकडे पाहायची गरज नाही. जगन्मोहन राजवाडा बांधणारे मुम्मडी कृष्णराज वडियार (१७९४ ते १८६८) घोड्याच्या फेऱ्या रचण्यात रमत. घोड्याने ६४ घरांतून एकदाही न चुकता, कुठलंही घर दोनदा न घेता जायचं. चालींना क्रमांक दिले तर प्रत्येक आडव्या आणि उभ्या ओळीची बेरीज २६० यावी, इथपर्यंत त्यांनी ही कला नेली. या रचनेत समोर कुणी चुकणारा नसतो. एक घर चुकलं की सगळी फेरी कोसळते. याच शहराचे एम. एस. तेजकुमार २०१७ मध्ये कर्नाटकचे पहिले ग्रँडमास्टर झाले, पस्तिशी ओलांडल्यावर, रेल्वेची नोकरी सांभाळत. त्यांच्यामागून गिरीश कौशिक हा दुसरा म्हैसूरकर ग्रँडमास्टर झाला. पंचविसाव्या किंवा पस्तिसाव्या वर्षीही उपयोगी पडेल असं काही मुलाला शिकवायचं, की पुढच्या रविवारच्या करंडकापुरतं, हा निर्णय म्हैसूरच्या पालकांना ही नावं डोळ्यांसमोर ठेवून घेता येतो.

मराठी पालकांसाठी त्याहून ताजं उदाहरण जॉर्जियातल्या बातूमीचं आहे. जुलै २०२५ मध्ये महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत नागपूरची एकोणीस वर्षांची दिव्या देशमुख आणि कोनेरू हम्पी यांचे दोन्ही संथ डाव बरोबरीत सुटले. २८ जुलैला जलद डाव झाले. पहिला बरोबरीत. दुसऱ्यात दिव्याकडे काळी मोहरी होती. निकाल लागला तो सुरुवातीच्या चालींत नव्हे, डावाच्या शेवटच्या टप्प्यात, हम्पीच्या घड्याळात वेळ संपत आलेला असताना. दोन वेळच्या जागतिक जलद विजेतीच्या हातून चूक झाली आणि दिव्याने ती पकडली. त्या एका विजयाने तिला विश्वचषक मिळाला आणि ती भारताची ८८वी ग्रँडमास्टर झाली. जलद डाव असे जिंकले जातात: पटावर मोजकी मोहरी, घड्याळात मोजके सेकंद, आणि समोरच्या चुकीचा फायदा उठवण्याची तयारी.

ती तयारी शिकवता येते. हत्ती आणि प्याद्यांच्या शेवटातल्या, लुसेना आणि फिलिडोर यांच्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या दोन स्थिती नऊ वर्षांच्या मुलालाही एका दुपारी समजतात. घड्याळात दहा सेकंद उरले असताना त्या शोधाव्या लागत नाहीत, हात आपोआप चालतो. वीस वर्षांनी त्या बदललेल्या नसतात आणि कुणा प्रतिस्पर्ध्याने आधी पाहून ठेवल्या म्हणून निकामीही होत नाहीत. स्टॅफर्डच्या सापळ्यावर तासिका घेणाऱ्या वर्गांनी आधी ही दुपार द्यावी, आणि पालकांनी शुल्क भरण्यापूर्वी ती दिली जाते का, हे विचारावं.